आक्कांच्या मसाल्याचा रंग

"आता नीट बघा हं," मी म्हटलं आणि पाण्यानं भरलेल्या पांढऱ्या बशीत चिमूटभर मसाला सोडला.

वकिलीणबाईंच्या सोप्यात पंचवीस-तीस बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तिळगूळ वाटून झाला होता, अत्तर लावून झालं होतं, आता वाण घ्यायचं आणि पुढच्या घरी पळायचं अशी सगळ्यांची घाई होती. पण मसाला पाण्याला टेकला मात्र, त्याच्यातून लाल लाल धागे सुटले, खाली उतरले, पसरले आणि बघता बघता सगळी बशी लालभडक झाली. पुढच्या बायका गुडघ्यांवर उठल्या, मागच्या त्यांना खाली बसा म्हणून ओरडायला लागल्या. घाई कुठल्या कुठं गेली.

"ही खरी मिरची," मी म्हटलं. "जास्वंद मसाला. रंग सुटला की समजायचं, माल अस्सल."

ही गोष्ट गडहिंग्लजची, सदतीस वर्षांपूर्वीची. मी चोवीस वर्षांची होते, लग्नाला चार वर्षं झाली होती. जास्वंद मसाला नावाची एक नवीनच कंपनी निघाली होती आणि तिथल्या शिरगावकर साहेबांच्या डोक्यातून एक कल्पना निघाली होती. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालतं, बायका आपणहून एकत्र जमतात. घरच्या बाईला वाण म्हणून काहीतरी लुटायचं असतंच. तर मसाल्याच्या लहान पुड्या कंपनीनं फुकट द्यायच्या, आणि त्या बदल्यात आमच्या बाईला दहा मिनिटं बोलू द्यायचं. साहेब म्हणायचे, दुकानातनं आणलेली पुडी बाई चार ठिकाणी तपासून घेईल, पण वाण म्हणून हातात पडलेली वस्तू कोणी नाकारत नाही, टाकूनही देत नाही. बाई म्हणून त्यांनी मला निवडलं, कारण माझा आवाज खणखणीत होता आणि कपाळभर कुंकू होतं.

खोटं कशाला सांगू, मला ते काम मनापासून आवडलं. घरात माझं कोण ऐकत होतं? सासूबाई बोलायच्या, आमचे हे पेपर वाचायचे आणि मी भाकऱ्या थापायचे. इथं तीस बायका माझ्या बोटांकडे श्वास रोखून बघत होत्या. मला तर वाटायला लागलं होतं की माझा जन्मच बशीत मसाला सोडायसाठी झालाय.

तर त्या दिवशी वकिलीणबाईंकडे मागच्या कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "अहो, कुठलाही मसाला घातला तरी रंग सुटणारच की. त्यात काय एवढं?"

दोन-चार जणी हसल्या. साहेबांनी याचं उत्तर काही शिकवलं नव्हतं. हसणं ऐकून माझे कान तापले. मी वकिलीणबाईंना म्हटलं, दुसरी बशी आणा, आणि तुमच्या डब्यातला मसाला आणा चमचाभर. त्या उत्साहानं आत गेल्या आणि डबाच घेऊन आल्या.

मी तो दुसऱ्या बशीत सोडला. तो बुडलासुद्धा नाही. पाण्यावर गोळ्यागोळ्यांनी तरंगत राहिला, भोवती तेलाचे बारीक ठिपके जमले आणि पाणी जरासं गढूळ झालं, बस. दोन बशा शेजारी शेजारी. एक लालभडक, एक मळकी.

सोपा गप्प झाला. मला अजून आठवतं, त्या शांततेत मला केवढा आनंद झाला होता.

"बघा तुम्हीच," मी म्हटलं. "रंग सुटत नाही म्हणजे मिरची कमी. मग उरलेलं काय असतं, ते मी कशाला बोलू?"

मी नाहीच बोलले. दुसरीच कोणीतरी बोलली, "विटेची पूड घालतात म्हणे." मग तिसरी म्हणाली, "अगंबाई, हा तर आक्कांचा मसाला. आमच्याकडंही हाच आहे."

तो आक्कांचा होता हे मला माहीत होतं. वकिलीणबाईंनी डब्याचं झाकण उघडलं तेव्हा वासावरूनच मी ओळखला होता. आमच्याही घरी तोच होता.

इंदूआक्का मगदूम आमच्याच गल्लीच्या तोंडाशी राहायच्या. नवरा गेल्यावर त्यांनी त्याचं मिरची कांडप स्वतः चालवायला घेतलं होतं. मुलगी लग्न होऊन बेळगावला गेली होती, दुसरं कोणी नव्हतं. कांडप हेच त्यांचं घर, शेत, पेन्शन, सगळं. बहुतेक ठिकाणी बायका आपल्या मिरच्या आपण भाजून आणतात आणि नुसत्या कुटून नेतात. आक्कांकडे तसं नव्हतं. आमच्या भागातल्या बायका त्यांना नुसतं सांगायच्या, यंदा एवढा मसाला द्या. मग बाजारातनं मिरची निवडण्यापासून खोबरं, तीळ, धणे, कांदा-लसूण तेलात परतण्यापर्यंत सगळं आक्का करायच्या. तिखटाला संकेश्वरी, रंगाला थोडी ब्याडगी. कांदा त्या इतका परतायच्या की मसाला तपकिरी काळसर व्हायचा, आणि त्या वासानं रस्त्यावरचा माणूस थांबायचा. पंधरा वर्षं कोणी त्या डब्यात डोकावून हे काय घातलंय म्हणून विचारलं नव्हतं. आक्कांनी दिलाय एवढं पुरे होतं.

लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात मी शहाणपणा करून घरीच मिरच्या कुटायला बसले होते. दोन्ही हातांची अशी आग झाली की मी अंगणात बसून रडत होते. सासूबाई म्हणाल्या, होतं असं, सवय होईल. आक्का जाता जाता थबकल्या, आत आल्या आणि संध्याकाळपर्यंत माझ्या हातांना लोणी चोळत बसल्या. तेव्हापासून माझं माहेर जवळ नसल्याचं दुःख कमी झालं होतं. आणि त्याच बाईच्या मसाल्याला मी भरल्या सोप्यात मळका ठरवून आले होते.

आक्का तिथं असत्या तर एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं. पण हळदीकुंकवाला विधवेला कोण बोलावतं? त्या वेळी तर नाहीच. जिथं त्यांचं नाव गेलं तिथं त्यांना पाऊल ठेवायची सोयच नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या आमच्या परसदाराशी आल्या. सासूबाई झोपल्या होत्या. मी चपापले, पण त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या. पायरीवर बसल्या, पदरानं घाम पुसला आणि म्हणाल्या, "त्यो बशीचा खेळ मला बी दाव की गं. सारा गाव बगून आला, मीच राहिले."

मी दाखवला. दुसरं काय करणार? दोन बशा, दोन मसाले. आक्का खाली वाकून बारकाईनं बघत होत्या. मग त्यांनी तरंगणाऱ्या मसाल्याला बोट लावलं.

"माज्यात तेल हाय," त्या म्हणाल्या. "कांदा-खोबरं तेलात परतलेलं. ते पाण्यावर तरंगंल न्हाई तर काय करंल?" मग दुसऱ्या बशीतल्या लाल पाण्यात चार बोटं बुडवली आणि वर काढून मला दाखवली. बोटं लाल झाली होती. त्यांनी ती पदराला पुसली, तर पदरही लाल झाला. "आणि ह्ये बग. मिरची हाताला आग लावती पोरी. रंग न्हाई लावत."

मला हे कळत नव्हतं असं नाही. कामाच्या पहिल्याच आठवड्यात मी माझ्या आईनं पाठवलेलं तिखट घरी बशीत टाकून बघितलं होतं. आईनं स्वतःच्या हातानं मिरच्या वाळवून केलेलं तिखट, त्यानंही असा लालभडक रंग सोडला नव्हता. मी ती बशी मोरीत ओतली होती आणि त्याचा विचार करायचं सोडून दिलं होतं.

आक्कांनी एवढंच मागितलं, की मी पुढच्या घरी जाईन तेव्हा सांगावं, ह्या बशीनं काही कळत नाही. त्यांचं नाव घ्यायचीही गरज नव्हती. "माजं तोंड तिथवर पोचत न्हाई," त्या म्हणाल्या, "तुजं पोचतं." मी हो म्हटलं. अगदी हात धरून हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शिरगावकर साहेब आले. दुसऱ्या बशीची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती आणि ते खूश होते. म्हणाले, उज्ज्वलाताई, तुम्ही तर आम्हाला शिकवलंत. आता निपाणी, आजरा, कागल, सगळीकडच्या बायकांना मी सांगतोय, घरातला मसाला मागून घ्या आणि शेजारी ठेवा. ह्याला आपण गडहिंग्लज पद्धत म्हणू. ते गेल्यावर मी आरशासमोर उभी राहून गडहिंग्लज पद्धत, गडहिंग्लज पद्धत असं दोनदा म्हणून बघितलं. इतकी मी मूर्ख होते.

त्या दिवशी संध्याकाळी हळदीकुंकवाला गेले, तर सांगू सांगू म्हणत दुसरी बशी मांडलीच. बायका त्याच्यासाठीच आल्या होत्या. त्यानंतरच्या घरीही मांडली. रथसप्तमीपर्यंत मी नऊ घरं केली आणि नऊही घरांत त्या डब्यात आक्कांचाच मसाला होता. मी मनाशी म्हणायचे, शेवटच्या घरी सांगेन. शेवटच्या घरी टाळ्या पडल्या. हळदीकुंकवात टाळ्या पडलेल्या मी त्यापूर्वी कधी ऐकल्या नव्हत्या.

फाल्गुन लागला. दर वर्षी ह्या सुमाराला आक्कांच्या दारात मिरच्यांची पोती उभी राहायची, गल्लीभर ठसका उठायचा आणि शाळेची पोरं नाकाला रुमाल लावून पळायची. त्या वर्षी हवा स्वच्छ होती. कांदा-खोबरं परतायला आक्कांकडे दोघी बायका यायच्या, त्यांना आक्कांनी घरी बसायला सांगितलं. कांडपाचा आवाज दिवसातून तासभर यायचा, तोही खेड्यावरच्या कोणाच्या तरी मिरच्यांचा. सासूबाई एक दिवस जेवताना म्हणाल्या, "यंदा आपणही जास्वंदच आणू. सूनच जर सगळ्यांना सांगत फिरते, तर घरात दुसरं बरं दिसत नाही." मी पानात बघत जेवत राहिले.

आक्कांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. रस्त्यात भेटल्या तर हसायच्या, जेवलीस का म्हणून विचारायच्या. एकदा मी जाताना बघितलं, त्या कांडपाच्या उंबऱ्यावर नुसत्या बसून होत्या. सकाळचे अकरा वाजले होते. चालू मोसमात ह्या वेळेला ती बाई कधी बसलेली मी बघितली नव्हती. पुढं त्या म्हणाल्याही, की असंच राहिलं तर पावसाळ्याआधी मशीन विकून मुलीकडे बेळगावला जाईन. जावयाच्या घरी जाऊन राहायचं म्हणजे आक्कांना काय वाटत असेल, ते मला वेगळं सांगायला नको होतं.

मग मी ठरवलं. वकिलीणबाईंकडे दर शुक्रवारी महिला मंडळ भरायचं. मंडळाला हळदीकुंकवाचं बंधन नव्हतं, आक्का येऊ शकत होत्या. मी त्यांना म्हटलं, तुम्ही फक्त येऊन बसा, बाकी मी बघते. त्या म्हणाल्या, "तमाशा नको गं करू. गेलं ते गेलं." पण मी ऐकणारी नव्हते. आता मला खरं बोलायची हौस आली होती, आणि हौस आली की मला मागचापुढचा विचार राहत नाही.

शुक्रवारी मी दोन पातेली घेऊन गेले. दोन्हींत मटकीचा रस्सा. एक काळपट, आक्कांच्या मसाल्याचा दिसतो तसा. दुसरा लाल, तर्रीदार, बघताच तोंडाला पाणी सुटेल असा. आक्का उंबऱ्याजवळच्या चटईवर बसल्या. कोणी त्यांच्याशी तुटक वागलं असं नाही, बायका चांगल्या होत्या. फक्त कोणी मसाल्याचा विषय काढला नाही.

मी उभी राहिले आणि सांगितलं, की ती बशीची परीक्षा खोटी होती. तेलात परतलेला मसाला पाण्यात रंग सोडत नाही, आणि जो पाण्यात पडताक्षणी धागे सोडतो त्याच्यात वरून रंग घातलेला असतो. आक्कांच्या मसाल्यात काही खोट नव्हती.

"मग तेव्हा तुम्ही तसं का म्हणालात?" वकिलीणबाईंनी विचारलं.

"कंपनीनं मला तसं शिकवलं होतं."

कंपनीनं एक बशी शिकवली होती. दुसरी माझी होती. खरं सांगायला म्हणून उभी राहिले आणि तेवढ्यातही माझं मी वाचवून घेतलं. आक्कांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

बायका कुजबुजायला लागल्या. एक म्हणाली, आता कंपनीशी बिनसलं असेल हिचं. दुसरी म्हणाली, ते बशीचं राहू दे, पण खाताना कळतंच ना, जास्वंदची चवच वेगळी. मी ह्याचीच वाट बघत होते. म्हटलं, मग खाऊनच बघा. वकिलीणबाईंनी वाट्या आणल्या, मी भाकरीचे तुकडे आणले होते. प्रत्येकीला दोन्ही रस्से दिले. आक्कांनाही दिले.

सगळ्यांनी मन लावून खाल्लं. मग एकेक बोलायला लागली. लाल जास्त खमंग आहे. लालला ताज्या मिरचीचा वास आहे. काळा जरा करपट लागतो नाही? हो, आणि काळ्यानं घसा खवखवतो. आमच्या सासूबाई तर म्हणाल्या की काळा पोटाला जड पडेल. पंधरा वर्षं ज्या बायकांनी आक्कांचा मसाला खाल्ला होता, बाळंतपणात खाल्ला होता, जावयांना वाढला होता, त्या सगळ्यांनी लाल वाटी पुसून खाल्ली आणि काळी अर्धी ठेवली. हात वर करायला सांगितलं तर काळ्याच्या बाजूनं एकही हात आला नाही.

मी विजयानं सगळीकडे बघितलं.

"दोन्ही पातेल्यांत आक्कांचाच मसाला आहे," मी म्हटलं. "एकाच डब्यातला, एकाच मापाचा. जास्वंदचा कणसुद्धा नाही. लाल पातेल्यात मी फक्त बुंदीत घालतात तो खायचा रंग टाकलाय. त्याला ना वास, ना चव."

मला वाटलं होतं, बायका ओशाळतील. कोणीतरी डोक्याला हात लावेल, कोणीतरी आक्कांजवळ जाऊन त्यांचा हात धरेल. मी तर रात्रभर जागून ते चित्र रंगवलं होतं. वकिलीणबाईंनी दोन्ही वाट्या पुन्हा उचलल्या, पुन्हा चाखल्या, वळवून वळवून बघितल्या. मग त्या उंबऱ्याकडे वळल्या. त्यांच्या बोलण्यात जराही टोमणा नव्हता, अगदी आपुलकीनं बोलल्या.

"मग आक्का, तुम्ही असाच का नाही करत?"

"खरंच की," बाकीच्या म्हणाल्या. "आम्हाला कुठं दुसरीकडे जायची हौस आहे? तुम्ही असा लाल करून दिलात तर आम्ही तुमच्याकडेच येऊ." आणि त्यांचं खरं होतं. त्या आक्कांवर रागावल्या नव्हत्याच. त्यांना आक्काही हव्या होत्या आणि लालही हवा होता. मी काहीतरी बोलायला गेले, की अहो मुद्दा तो नाही, पण मुद्दा काय होता ते मलाच सांगता येईना. तोवर चहा आला आणि कोणाच्या तरी मुलीच्या लग्नाचा विषय निघाला.

परतताना मी आणि आक्का बरोबर चालत होतो. रिकामी पातेली माझ्या दोन्ही हातांत होती. मी सारखी बोलत होते, ह्या बायकांना अक्कल नाही, जिभा मेल्यात ह्यांच्या, मी पुन्हा एकदा समजावून सांगते.

आक्का म्हणाल्या, "त्यास्नी नको बोलूस. मलाबी तांबडाच बरा लागला."

मी थांबले.

"खरं सांगते," त्या म्हणाल्या. "माजाच मसाला. माज्या हातानं परतलेला. दोनी वाट्यांत काय हाय ते मला वासावरनं कळलं. तरीबी तांबडी वाटी पुढं आली तवा जीभ तिच्याच बाजूला गेली. मग त्या बिचाऱ्यांचं काय चुकलं?"

आम्ही तशाच रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. त्यांचं तोंड मला नीट दिसत होतं. रडल्या नाहीत त्या. हिशेब जुळत नसताना माणूस जसा विचार करतो तशा विचार करत होत्या.

"त्यो रंग कुठं मिळतो?"

"आक्का, असं काय करता?"

"कुठं मिळतो ते सांग."

मी नाही म्हणू शकत होते. मला माहीत नाही म्हणू शकत होते. मी म्हटलं असतं की तुम्ही हे करू नका, मी तुमच्याबरोबर दारोदार येते, वर्षभर बोलत राहते, शेवटी पटेल लोकांना. कदाचित पटलंही असतं. पण मी तिथं उभी होते आणि मला आतून सुटल्यासारखं वाटत होतं. आक्कांचं कांडप चालेल, त्या बेळगावला जाणार नाहीत, मला त्यांच्या दारावरून मान वर करून जाता येईल. एवढं सोपं होतं ते.

"नेहरू चौकात मिठाईवाल्यांना माल देणारं दुकान आहे, तिथं," मी म्हटलं. "जिलेबीचा लाल म्हणून मागा. पायलीला दोन चिमटी पुरतो."

मापसुद्धा मीच सांगितलं.

चैत्रात आक्कांच्या दारात पुन्हा पोती लागली. दोघी बायका कामावर आल्या, शाळेची पोरं पुन्हा नाकाला रुमाल लावून पळायला लागली. साहेबांनी मला परत बोलावलं होतं, मी तब्येतीचं कारण सांगून नाही म्हटलं. ते काही मोठं केलं असं मला वाटत नाही, त्यांना दुसरी बाई दोन दिवसांत मिळाली.

आमचा मसाला आणायला मी गेले तेव्हा दारात सात-आठ जणी डबे घेऊन उभ्या होत्या. वकिलीणबाई आपल्या डब्याचं झाकण उघडून सगळ्यांना दाखवत होत्या. कसा लाल झालाय, नाही? एवढी वर्षं कुठं लपवला होता हो हा हात, आक्का? आक्का सगळ्यांच्या हसण्यात हसत होत्या. त्या तशा हसताना मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. दोन्ही वाटलं ते खरं आहे.

माझी पाळी आली तेव्हा त्यांनी समोरच्या रांगेतला डबा घेतला नाही. आत गेल्या आणि माजघरातून वेगळा ठेवलेला डबा आणला. माझ्या हातात देताना हळूच म्हणाल्या, "तुज्यात न्हाई घातला. तुजं येगळं कांडलंय मी."

मी झाकण किलकिलं केलं. तोच तपकिरी काळसर रंग, तोच वास. त्या पूर्ण मोसमात आक्कांनी मनापासून केलेला तेवढाच मसाला असणार. सगळ्या गावात एका डब्यापुरती त्यांनी आपली जुनी रीत ठेवली होती, आणि तो डबा मला दिला होता. मलाच.

माझ्या मागे बायका उभ्या होत्या. घरी सासूबाई होत्या. मंडळापासून त्यांनी मला चारदा बजावलं होतं, आपलाही तसाच लाल हवा, बघून आण. मी हा डबा घेऊन गेले असते तर त्यांनी झाकण उघडून विचारलं असतं, हे काय आणलंस. मग मला सांगावं लागलं असतं. फार नाही, दोन-चार वाक्यं. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, एकाच बाईला.

"आक्का," मी म्हटलं, "माझ्यातही घाला. घरी विचारतील."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. मग डबा माझ्या हातातून परत घेतला, मोठ्या परातीत ओतला, फळीवरची कागदाची पुडी उघडून दोन चिमटी घातल्या आणि खाली बसून कोपरापर्यंत हात घालून मिसळायला लागल्या. मी समोर उभी राहून बघत होते. परातीतला रंग सावकाश बदलत गेला.

आक्कांनी हात थांबवला आणि त्या वर्षी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायच्या तसं मलाही विचारलं, "झाला का मनासारखा?"

मी परातीत वाकून बघितलं.

"अजून थोडा," मी म्हटलं.